कायोटीसाठी शॉटगन: कोणते छर्रे, किती अंतर आणि कॅलिफोर्नियातला शिशाचा कायदा

प्रश्न असा आला आहे. फ्रेस्नोच्या पूर्वेला एका मित्राची बदामाची बाग आहे, बागेला लागून थोड्या शेळ्या. कायोटी, म्हणजे कोल्ह्यासारखं इथलं रानटी जनावर, ठिबकच्या नळ्या चावून फोडतात, आणि अलीकडे दोन करडं गेली. विचारणारे एच-१बी व्हिसावर आहेत. मित्राच्या १२ गेज पंप शॉटगनने रेंजवर क्ले, म्हणजे मातीच्या तबकड्या, फोडायची त्यांना सवय आहे, आणि मित्राच्या कपाटात डबल-ऑट बकशॉटची, म्हणजे शिशाच्या जाड छर्र्यांची, दोन खोकी पडून आहेत. शॉटगनने कायोटी मारता येतो का, हीच काडतुसं चालतील का, आणि काडतुसांबद्दल वेगळे काही नियम आहेत का?

मारता येतो, पस्तीस-चाळीस यार्डांच्या आत. ती दोन खोकी मात्र कपाटातच राहू द्या. कॅलिफोर्नियात शिकारीसाठी ती बेकायदा आहेत, आणि कायदा नसता तरी कायोटीसाठी मी ती सुचवली नसती. पण तुमच्या व्हिसामुळे एक गोष्ट या सगळ्याच्या आधी येते, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या मुक्कामाच्या, व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक आणि काडतूस, दोन्ही जवळ बाळगायला मनाई केली आहे. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ सगळे त्यात आले. बाळगायला मालकीच लागते असं नाही. मित्राची बंदूक हातात घेऊन उभं राहिलात तरी ते बाळगणंच झालं. या मनाईला जे मोजके अपवाद आहेत त्यातला आपल्या कामाचा एकच: अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने रीतसर दिलेला, मुदत न संपलेला शिकारीचा परवाना. म्हणजे ज्यांच्याकडे ग्रीन कार्ड नाही त्यांच्यासाठी हा परवाना नुसता शिकारीचा कागद नाही, बंदुकीला हात लावायचा आधारच तो आहे. रेंजवर मातीच्या तबकड्या फोडतानाही. आपल्यातली बरीच मंडळी कंपनीच्या टीम आउटिंगला बिनधास्त रेंजवर जातात, त्यांना हे सांगितलं की चेहरे उतरतात. गुन्हा केंद्रीय आहे, आणि इमिग्रेशनच्या फाइलवर बंदुकीचा गुन्हा बसला तर पुढचं सगळंच अवघड होतं.

परवान्यासाठी आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो. तो मन लावून करा, कारण त्यात शिकवतात त्यातलं बरंचसं पुढे खरंच लागतं. एक बारीक मुद्दा लक्षात ठेवा: कॅलिफोर्नियाचं परवान्याचं वर्ष १ जुलै ते ३० जून असतं. जूनअखेरीस परवाना संपला आणि नवा काढायला विसरलात, तर नागरिकाची फक्त शिकार थांबते. तुमचा मात्र बंदूक हातात घेण्याचा आधारच जातो. जूनमध्येच नवा काढून ठेवा. मित्राची बंदूक त्याच्या माघारी तुमच्या अपार्टमेंटमध्ये आणून ठेवणं हा आणखी निराळा विषय आहे. उसन्या बंदुकीबद्दल या राज्याचे नियम कडक आहेत, तेव्हा शिकारीला मित्र सोबत असलेलाच बरा.

आता बंदुकीकडे येऊ. कायोटी म्हटलं की इथले लोक .२२३ वगैरे रायफल काढतात, आणि मोकळ्या माळावर ते बरोबरच आहे. पण तुमच्या सॅन वाकीन खोऱ्यात जमीन ताटासारखी सपाट, बागेपलीकडे बाग, मध्ये पंप चालवणारे मजूर, ट्रेलरमध्ये राहणारी कुटुंबं. रायफलची गोळी चुकली तर मैलाहून लांब जाते, आणि तिला अडवायला मागे टेकाड नसतं. छर्रे लवकर थकतात. जुना अंगठेनियम असा: छर्र्याचा व्यास इंचात घ्या, २२०० ने गुणा, तेवढे यार्ड तो शिशाचा छर्रा जास्तीत जास्त जाईल. ०.३३ इंचाच्या डबल-ऑटला हे सातशे यार्डांच्या वर भरतं, ०.२० इंचाच्या ‘टी’ छर्र्याला साधारण ४४०. पोलादाचा छर्रा हलका, तो त्याच्याही अलीकडेच पडतो. चारशे यार्ड म्हणजे काही कमी नव्हे, तेव्हा मागे काय आहे ते शॉटगननेही पाहायचंच. तरी बागेत, नदीकाठच्या झाडीत आणि सिएरा डोंगरांच्या पायथ्याच्या चॅपरालमध्ये, म्हणजे झुडपी रानात, जिथे सावज दिसतं तेच पंचवीस-तीस यार्डांवर आणि दिसतं तेव्हा पळत असतं, तिथे शॉटगन हेच योग्य हत्यार.

जनावर समजून घ्या. कॅलिफोर्नियातला प्रौढ कायोटी साधारण नऊ ते चौदा किलोंचा असतो, आपल्याकडच्या कोल्ह्याहून थोडा मोठा. हिवाळ्यात अंगावर केसांचा एवढा भार असतो की तो दीडपट दिसतो. केसांखालचं शरीर अरुंद. समोरून चालत आला तर छातीचा मारायचा भाग वहीच्या अर्ध्या पानाएवढाच उरतो. आणि चिवट एवढा की पोटात दोन छर्रे घेऊन अर्धा मैल जाईल आणि कुठल्या तरी नाल्यात दोन दिवसांनी मरेल. शॉटगनने कायोटी मारण्याचं सगळं गणित हे टाळण्यासाठी आहे. छर्रे पुरेसे खोल गेले पाहिजेत, आणि त्या अर्ध्या पानात ते पुरेशा संख्येने पडले पाहिजेत. यातली एक गोष्ट साधून दुसरी सोडता येत नाही.

डबल-ऑट इथेच नापास होतो. पावणेतीन इंची साध्या काडतुसात त्याच्या नऊ गोळ्या असतात. चाळीस यार्डांवर त्या तीस इंचांच्या वर्तुळात पसरल्या असं धरा. वर्तुळाचं क्षेत्रफळ सातशे चौरस इंचांच्या वर जातं, म्हणजे प्रत्येक गोळीच्या वाट्याला ऐंशीएक चौरस इंच. त्या फटीत अख्खा कायोटी मावतो. गोळी लागली तर जबर लागते, पण लागेलच याची खात्री नाही. हरणासारख्या रुंद छातीच्या जनावरासाठी केलेलं ते काडतूस आहे. कोकणात ज्यांच्या घरी शेतीसंरक्षणाची बारा बोअर होती त्यांना ‘एसजी’ माहीत असेल, खडकीच्या कारखान्याच्या काडतुसांवर छापलेलं असायचं. तो एसजी म्हणजे जवळपास हाच डबल-ऑट. डुकराला ठीक, कोल्ह्याएवढ्या जनावराला नाही.

ज्या राज्यांत शिशाला बंदी नाही तिथले जाणकार म्हणून नंबर ४ बक वापरतात. ०.२४ इंचाचा छर्रा, तीन इंची १२ गेज काडतुसात एक्केचाळीस. त्याहून बारीक हवा असेल तर बीबी, ०.१८ इंच. इथे नवशिक्यांची एक नेहमीची गफलत सांगून ठेवतो: ‘नंबर ४ बक’ आणि नुसता ‘नंबर ४’ यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. नुसता नंबर ४ हा ०.१३ इंचाचा, पाखरांचा छर्रा आहे. खोक्यावर ‘बक’ शब्द आहे की नाही ते वाचा. नंबर ४ पाखरांच्या छर्र्याने तीस यार्डांवर कायोटीवर बार टाकणं हा निव्वळ छळ आहे.

आता कायदा. कॅलिफोर्नियात बंदुकीने कुठलाही वन्य प्राणी किंवा पक्षी मारायचा असेल तर शिसेविरहित काडतूसच लागतं. राज्यभर, खाजगी जमिनीवर, स्वतःच्या शेतावर, सगळीकडे. २०१३ साली एबी ७११ हा कायदा झाला आणि तो टप्प्याटप्प्याने लागू झाला. शॉटगनने कायोटी मारणाऱ्यांना तो १ जुलै २०१६ पासून लागला, आणि १ जुलै २०१९ पासून कुणालाच सूट उरली नाही. त्याच्याही आधी, २००८ पासून, कॉन्डर गिधाडांच्या पट्ट्यात सेंटरफायर रायफल आणि पिस्तुलाला शिसं बंद होतं, आणि त्या कायद्यात मोठ्या शिकारीच्या जोडीला कायोटीचं नाव स्पष्ट घातलेलं होतं. ते का घातलं ते थोडा विचार केला की कळतं. हरीण मारलं की माणूस ते घरी नेतो, मागे आतडी तेवढी राहतात. कायोटी कुणी खात नाही. तो बहुतेक वेळा जिथे पडला तिथेच राहतो, अंगातल्या शिशासकट, आणि गिधाडं, गरुड, डोमकावळे त्याच्यावर उतरतात. शॉटगनने मारलेल्या जनावरात तर डझनभर छर्रे असू शकतात. पक्ष्याच्या पोटातल्या आम्लात शिसं विरघळतं, अन्न पुढे सरकेनासं होतं, आणि पक्षी भरल्या गळ्याने उपाशी मरतो. १९८२ साली जगात फक्त बावीस कॅलिफोर्निया कॉन्डर उरले होते. १९८७ मध्ये रानातला शेवटचाही पकडून पिंजऱ्यात आणला, तिथे त्यांची वीण केली आणि १९९२ पासून पुन्हा सोडायला सुरुवात झाली. आज पाचशेच्या वर आहेत, आणि तरी मोकळ्या पक्ष्यांना मारणारं पहिलं कारण शिसंच आहे.

आपल्याकडची गिधाडं डायक्लोफिनॅकने गेली. मेलेल्या जनावरातून औषध पोटात जायचं आणि मूत्रपिंडं निकामी व्हायची. २००६ साली जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली तोवर फार उशीर झाला होता. ज्यांनी लहानपणी गावाबाहेर मेल्या बैलावर गिधाडांचा घोळका पाहिला आहे आणि आता पाहत नाहीत, त्यांना या कायद्यामागचं कारण मला समजावून सांगावं लागत नाही. रेंजवरचे काही गोरे म्हातारे अजून बोटं मोडतात, पण तेही आता गुपचूप पोलादच भरतात.

कायद्याच्या भाषेत शिसेविरहित म्हणजे वजनाने एक टक्क्याहून अधिक शिसं नसलेला छर्रा. यातून दोन सापळे निघतात. ‘कॉपर प्लेटेड’ किंवा ‘निकेल प्लेटेड’ बकशॉट म्हणजे वरून मुलामा, आत शिसंच. ते चालत नाही. दुसरा सापळा जवळ बाळगण्याचा. शिकार करत असताना तुमच्या बंदुकीत बसेल असं शिशाचं काडतूस जवळ असणं हाही भंगच आहे, बार त्याने काढलेला असो वा नसो. सकाळी रेंजवर गेलात, उरलेली चार क्लेची शिशाची काडतुसं जॅकेटच्या खिशात राहिली, आणि संध्याकाळी त्याच जॅकेटमध्ये बागेत बसलात: वॉर्डनने, म्हणजे वन्यजीव खात्याच्या अधिकाऱ्याने, खिसे पाहिले तर पावती फाडेल. पहिल्या वेळेला पाचशे डॉलर, पुढच्या प्रत्येक वेळेला एक हजार ते पाच हजार. म्हणून रेंजचं जॅकेट आणि शिकारीचं जॅकेट वेगळं ठेवा. क्लेवर शिसं चालतं, जिथे रेंजची स्वतःची बंदी नाही तिथे. म्हणून मित्राच्या घरात शिशाची काडतुसं असण्यात गुन्हा काही नाही.

मग भरायचं काय? बाजारात तीन धातू आहेत. पोलाद स्वस्त आणि सगळीकडे मिळणारं, पण हलकं. शिशाची घनता अकराच्या वर, पोलादाची आठच्या आत. हलका छर्रा वेग लवकर गमावतो, म्हणून पोलाद घेताना दोन आकार वर जायचं. शिशाच्या बीबीचं काम पोलादाचा टी करतो, कारण दोघांचं वजन जवळपास सारखं, अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. सव्वा औंसाच्या तीन इंची काडतुसात टी छर्रे साधारण पासष्ट येतात. तुमच्यासाठी मी हेच सांगेन: १२ गेज, तीन इंची, पोलाद, टी किंवा ट्रिपल-बी. हंस मारणाऱ्यांसाठी बनतात, त्यामुळे खोऱ्यातल्या दुकानांत हिवाळ्यात सहज मिळतात. पाणपक्ष्यांसाठी शिसं देशभर १९९१ पासून बंद आहे, म्हणून या काडतुसांचा अनुभव जुना आणि पक्का आहे.

टंगस्टनचं मिश्रण शिशाइतकं किंवा त्याहून जड असतं, आणि कायोटीसाठी म्हणून मुद्दाम विकली जाणारी काडतुसं बहुधा याचीच. शुद्धाच्या जवळ जाणारं टंगस्टन अठरा घनतेचं, त्याचा ०.१५ इंचाचा नंबर २ छर्रा वजनाने शिशाच्या बीबीला येऊन मिळतो, आणि लहान असल्यामुळे हवेचा अडथळा कमी. त्याने पन्नास-साठ यार्डांपर्यंत काम होतं. एकेका काडतुसाला कित्येक डॉलर पडतात. माझं मत विचाराल तर पहिल्या हंगामात त्यावर पैसे घालू नका. लांबचं काडतूस हातात असलं की माणूस लांबचा बार घेतो, आणि पन्नास यार्ड म्हणजे किती हे नजरेला कळायला वेळ लागतो. तिसरा धातू बिस्मथ, घनता साडेनऊच्या पुढे. तो जुन्या बंदुकांसाठी. आजोबांची दुनळी असेल, नळीतच कोरलेला फुल चोक, म्हणजे छर्रे आवळायला तोंडाशी खूप अरुंद केलेली नळी, असेल, तर तिच्यात पोलाद घालू नये, बिस्मथ मऊ असतो. शिसेविरहित बकशॉटही बनतं, पण दुकानाच्या फळीवर क्वचित दिसतं.

काडतुसं विकत घेताना पार्श्वभूमी तपासणी होते, २०१९ च्या जुलैपासून. ऑनलाइन मागवलीत तरी ती परवानाधारक विक्रेत्याकडेच येतात, दारात नाही. त्या तपासणीवर कोर्टात वर्षानुवर्षं भांडण चालू आहे, म्हणून जाण्याआधी दुकानात एक फोन करा. शिवाय जुलै २०२४ पासून बंदुका आणि काडतुसांवर राज्याचा अकरा टक्के जादा कर आहे.

भरण्याआधी नळीवर काय कोरलंय ते वाचा. चेंबर, म्हणजे काडतूस बसतं तो नळीचा भाग, पावणेतीन इंची असेल तर तीन इंची काडतूस त्यात बसतं, आणि घोळ तिथेच आहे. न उडवलेलं काडतूस आखूड असतं, तोंडाची घडी उलगडली की ते लांब होतं, पुढे चेंबर संपलेलं असतं आणि दाब भलताच चढतो. बसलं म्हणजे चाललं असं समजू नका. २० गेजचं काडतूस १२ गेजच्या खिशात मिसळू देऊ नका. ते नळीत पुढे सरकून अडकतं, मागून १२ चं भरलं की नळी फाटते. २० गेजची काडतुसं पिवळी असतात ती याच कारणासाठी.

चोक कुठला? पोलाद चेपत नाही, म्हणून ते शिशापेक्षा आवळून जातं. मॉडिफाइड, म्हणजे मध्यम अरुंद, चोकने सुरुवात करा. बीबीहून मोठं पोलाद फुल किंवा एक्स्ट्रा फुल चोकमधून काढलं तर चोकच फुगू शकतो. चोकच्या कडेला पोलादाबद्दल काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय नको.

आणि मग कागद. माझ्या मते हे केल्याशिवाय कायोटीवर बार टाकायचा अधिकारच नाही, पण दहातले आठ जण हे करत नाहीत. मोठा ब्राउन पेपर घ्या, मध्ये दहा इंचांचं वर्तुळ काढा, ज्या चोकने आणि ज्या काडतुसाने शिकार करणार तेच घ्या. वीस यार्डांवर एक, तीसवर एक, पस्तीसवर, चाळीसवर. प्रत्येक अंतरावर तीन कागद, कारण एका बारावरून काही ठरत नाही. दहा इंचांत छर्रे मोजा. माझी रेषा आठाची आहे. तीनही कागदांवर आठ किंवा अधिक पडले ते अंतर तुमचं, त्याच्या पलीकडे घोडा दाबायचा नाही. एकाच कारखान्याच्या दोन बंदुका एकच काडतूस वेगवेगळं फेकतात, तेव्हा मित्राचा आकडा उसना घेऊ नका. वर्तुळाचा मध्य नेमाच्या वर पडतो की खाली तेही याच कागदावर कळतं. क्लेसाठी बनवलेल्या बंदुका बऱ्याचदा थोडं वर मारतात, आणि क्लेवर ते सोयीचं असतं, चालत येणाऱ्या कायोटीवर नाही. पोलाद दगडावरून उसळतं, म्हणून डोळ्यांना चष्मा हवाच.

अंतर ठरलं की कायोटीला त्या अंतरात आणायचं. सश्याच्या किंकाळीचा आवाज काढणारा इलेक्ट्रॉनिक कॉलर इथे कायोटीसाठी कायदेशीर आहे. कॉलर स्वतःजवळ ठेवू नका, वीस यार्डांवर वाऱ्याच्या वरच्या अंगाला ठेवा. कायोटी सरळ आवाजावर क्वचित येतो. तो वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या अंगाने येतो, आवाजाचा वास घ्यायला. तुम्ही त्या वळशाच्या वाटेवर, पाठीला झाडाचा बुंधा घेऊन, बंदूक आधीच गुडघ्यावर टेकवून बसलेले असले पाहिजेत. कारण तो दिसल्यावर हालचाल केलीत तर संपलं. आधीच एखादा दगड, एखादी ठिबकची टोपी अशा खुणा पस्तीस यार्डांवर हेरून ठेवा, म्हणजे त्या क्षणी अंदाज करत बसावं लागत नाही. पंधरा-वीस मिनिटांत काही आलं नाही तर जागा बदला. जानेवारी-फेब्रुवारी हा जोड्यांचा काळ, तेव्हा ते आवाजाला जास्त येतात. एप्रिल-मेमध्ये पिल्लं असतात, त्या दिवसांत मी बसत नाही. कायदा मनाई करत नाही, तरी नाही. पडला असं वाटलं तरी दुसरा बार तयार ठेवा आणि हलला की लगेच टाका.

बाकी नियम भराभर सांगतो. कॅलिफोर्नियात कायोटीला बंद हंगाम नाही, संख्येची मर्यादा नाही, परवाना मात्र हवा. सर्वसाधारण वेळ सूर्योदयाआधी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास. रात्रीच्या शिकारीचे नियम भागागणिक वेगळे आहेत. पिकाचं किंवा मालमत्तेचं नुकसान करणाऱ्या कायोटीबद्दल जमीनमालकाला स्वतंत्र अधिकार आहेत, आणि त्याच्या वतीने दुसरा कुणी जात असेल तर ते लेखी हवं. मित्र असला तरी लागवडीच्या जमिनीवर लेखी परवानगी खिशात ठेवा. वस्तीच्या घरापासून दीडशे यार्डांच्या आत मालकाच्या परवानगीशिवाय बार नाही, सार्वजनिक रस्त्यावरून किंवा रस्त्यापलीकडे नाही, आणि गाडीत भरलेली बंदूक नाही. पाखरांसाठीची तीन काडतुसांची अट कायोटीला लागत नाही, पण काडतुसं तीनवर रोखणारा बंदुकीतला प्लग मी काढत नाही. तीन बारांत जे झालं नाही ते चौथ्यात होत नाही. तुमच्याकडून योसेमिटी आणि सेक्वोया ही राष्ट्रीय उद्यानं जवळ आहेत, तिथे शिकार पूर्ण बंद. कायोटी मारण्याच्या बक्षिसी स्पर्धांवर या राज्याने २०१४ मध्ये बंदी घातली, तेव्हा असं आमंत्रण आलं तर जाऊ नका. राज्य बदललं की यातलं बहुतेक बदलतं. ॲरिझोनात शिसेविरहित काडतूस ऐच्छिक आहे, न्यूयॉर्कमध्ये कायोटीला ऑक्टोबर ते मार्च एवढाच हंगाम आहे, पूर्वेकडच्या काही राज्यांत छर्र्याच्या आकारालाच वरची मर्यादा आहे. तिथे जाल तेव्हा तिथलं पुस्तक वाचा.

घोडा दाबण्याआधी समोर काय आहे याची खात्री करा. तुमच्या खोऱ्यात सॅन वाकीन किट फॉक्स हा छोटा कोल्हा आहे, मांजराएवढा, मोठ्या कानांचा, केंद्राच्या संकटग्रस्त यादीतला. उत्तरेकडून आणि सिएरातून आता लांडगेही फिरतात. पहिला २०११ च्या अखेरीस ओरेगनमधून आला होता, आणि २०२१ मध्ये एक थेट फ्रेस्नो परगण्यापर्यंत उतरला. लांडगा कायोटीच्या तिप्पट वजनाचा, तोंड रुंद, कान आखूड. मारलात तर राज्य आणि केंद्र दोन्ही मागे लागतील. कुत्रा हा तिसरा, आणि प्रत्यक्षात सगळ्यात जास्त वेळा चुकून मरणारा.

मित्राला एक गोष्ट आधी विचारा: नळ्या नक्की कायोटीच चावतोय का? बऱ्याचदा खारी, म्हणजे इथले ग्राउंड स्क्विरल चावतात, आणि त्या खारी खाणारा कायोटीच असतो. करडं मारणारा एखादाच असतो, सगळे नाहीत. तो मारलात तर फरक पडतो. दिसेल तो मारलात तर रिकाम्या जागेत दुसरे येतात आणि उरलेल्या माद्यांना जास्त पिल्लं होतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या १९७५ च्या एका अभ्यासाचा हिशोब होता की संख्या खरोखर खाली आणायची तर दरवर्षी पंचाहत्तर टक्के कायोटी मारावे लागतील, तेही दशकानुदशकं. ते कुणाच्याच हातून होत नाही. म्हणून शेळ्यांना रात्री पक्क्या जाळीत घालणं आणि कळप राखणारा एक ग्रेट पिरनीज जातीचा कुत्रा ठेवणं हे मी शॉटगनच्या आधी सांगतो, आणि शॉटगन त्या एका चटावलेल्या कायोटीसाठी.

मारलेल्या जनावराला उघड्या हाताने हात लावू नका. पिसवा असतात, खरूज असते, रेबीजची शक्यता असते. रबरी हातमोजे खिशात ठेवा, आणि मेला आहे याची खात्री लांब काठीने डोळ्याला स्पर्श करून करा. शेळ्यांच्या वाड्याजवळ किंवा पाण्याजवळ टाकून देऊ नका. मित्राच्या जमिनीत खोल पुरा.

शेवटचं, भारतात सुट्टीवर जाताना. शिकारीला किंवा रेंजला नेलेली बॅग आणि जॅकेट भारताच्या सामानात घालू नका. अस्तरात किंवा कोपऱ्यात राहिलेलं एक जिवंत काडतूस मुंबईच्या किंवा पुण्याच्या विमानतळावर एक्स-रेमध्ये दिसलं की १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदतात. ते नजरचुकीने राहिलं हे पुढे कोर्टात सिद्ध करता येतं, पण तोवर सुट्टी आणि परतीचं तिकीट दोन्ही गेलेलं असतं. उडवलेली रिकामी नळकांडीसुद्धा पोरांना दाखवायला म्हणून नेऊ नका.